रुळाखालून अंगणात

गोंदियातील एका चर्चच्या आवारात कडुनिंबाच्या सावलीला एक जाडजूड बाकडे आहे. रविवारची मिस्सा आटोपली की वडीलधारी मंडळी त्यावर टेकतात, पावसापाण्याची आणि धानाच्या भावाची विचारपूस करतात. मुले मात्र बाकड्याला असलेल्या भोकांत बोटे घालण्यात रमलेली असतात. ही भोके बाकड्यावर सर्वत्र विखुरलेली नाहीत. दोन्ही बाजूंना, टोकापासून काही अंतरावर, ती दोन ठिकाणी एकवटली आहेत, आणि त्या दोन्ही जागी लाकूड किंचित उतरते तासलेले आहे. आम्ही त्या बाकड्यावर कित्येक रविवार बसलो, पण ही भोके कसली असा प्रश्न आम्हांला कधी पडला नाही. एके दिवशी रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका वृद्ध गँगमनने बाकड्यावर थाप मारून सांगितले, "याच्यावरून मुंबई-हावडा मेल गेलेली आहे."

त्या दिवसापासून आमची नजर बदलली. गोंदिया, आमगाव, सालेकसा, अर्जुनी या बाजूच्या गावांतून फिरताना रेल्वेचे जुने लाकूड आम्हांला जागोजाग दिसू लागले. कुठे ते फाटकाचा खांब झालेले, कुठे गोठ्यातील दावण, कुठे विहिरीच्या काठावरील आडवी फळी. माणसे त्याला 'स्लीपर' म्हणतात, जुन्या तोंडी 'सिलीपाट'. ज्या वस्तूकडे आपण रोज पाहतो तिलाही इतिहास असतो, पण तो लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही. म्हणून हा खटाटोप.

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा होऊन अस्तित्वात आला तो १ मे १९९९ रोजी. गोंदिया गावाचे भाग्य मात्र त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी रेल्वेने उघडले. १८७६-७८ च्या दुष्काळाने धान्य एका मुलखातून दुसऱ्या मुलखात तातडीने हलविण्याची निकड सरकारला पटली, आणि छत्तीसगडातील धान बाहेर काढण्यासाठी नागपूरहून राजनांदगावकडे मीटरगेजचा लोहमार्ग टाकण्यात आला. १८८० च्या दशकाच्या आरंभी तो पुरा झाला. पुढे १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने हा मार्ग आपल्याकडे घेतला आणि १८८८ साली तो रुंद, म्हणजे ब्रॉडगेज, करण्यात आला. त्यानंतर १९०३ ते १९०५ या काळात गोंदियाहून उत्तरेस बालाघाट, नैनपूर आणि जबलपूरकडे जाणारी अडीच फूट रुंदीची छोटी रेल्वे आली, तर १९०८ च्या सुमारास दक्षिणेस नागभीडच्या दिशेने तशीच दुसरी. एका बाजूला कलकत्त्याचा महामार्ग, दोन बाजूंना जंगलात शिरणाऱ्या दोन छोट्या गाड्या, असा गोंदियाचा थाट झाला.

आता रुळाखालच्या लाकडाचा हिशेब पाहू. लोहमार्गाच्या एका मैलाला सुमारे १,८०० ते २,००० स्लीपर लागत. नागपूर ते राजनांदगाव अंतर दीडशे मैलांच्या आसपास, म्हणजे या एका मार्गाखालीच अडीच लाखांहून अधिक स्लीपर अंथरले गेले असणार. बरे, ते एकदा टाकले की कायमचे, असेही नाही. ऊन, पाऊस, वाळवी आणि गाड्यांचा मारा यांत लाकडी स्लीपर बारा ते पंधरा वर्षे टिकतो. मग तो काढावा लागतो आणि त्याच्या जागी दुसरा घालावा लागतो. हिंदुस्थानातील लोहमार्ग १८६० साली १,३४९ किलोमीटर होता, तो १९१० साली ५१,६५८ किलोमीटर झाला. इतके लाकूड आणायचे कोठून? आरंभी काही स्लीपर युरोपातून डांबर पाजून जहाजांनी येत, काही ऑस्ट्रेलियातून. परंतु हा सौदा महाग पडे. देशातील झाडांपैकी साग, साल आणि देवदार ही तीनच झाडे अशी होती की ज्यांचे लाकूड औषधपाण्यावाचून रुळाखाली तग धरील. देवदार हिमालयात. राहिले साग आणि साल.

सरकारचे लक्ष जंगलाकडे वळले त्याला रेल्वे हे एक मोठे कारण होते, हे आता सर्वमान्य आहे. १८६४ साली वनखाते निघाले, त्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस. १८६५ साली पहिला वनकायदा आणि १८७८ साली त्याहून कडक असा दुसरा. या दुसऱ्या कायद्याने राखीव, संरक्षित आणि ग्रामवने अशी वर्गवारी केली, आणि राखीव जंगलात परवानगीवाचून कुऱ्हाड चालविणे हा गुन्हा ठरला. साल हे झाड महाराष्ट्राच्या अगदी पूर्व कडेला थोडेफार आढळते. त्याचे खरे राज्य बालाघाट आणि मंडला या भागांत. पूर्वेकडील लोक त्याला 'सरई' म्हणतात, आणि त्याच्याविषयी तिकडे सांगतात की ते शंभर वर्षे उभे राहते, शंभर वर्षे पडून राहते आणि कुजायलाही शंभर वर्षे घेते. गोंदियाहून निघणारी छोटी रेल्वे याच सालवनांच्या मुलखातून जात होती. रेल्वेने जंगलात प्रवेश केला, जंगलाने रेल्वेला पाठ दिली. दोन्ही अर्थांनी.

या सगळ्यात खेड्यातील माणसाचे काय झाले? झाडीपट्टीतील घर म्हणजे मुळात खांबांचे घर. मातीच्या भिंती, वर कौले किंवा गवत आणि सारा भार लाकडी खांबांवर. आपण कोणत्याही कार्याच्या आरंभाला 'मुहूर्तमेढ रोवणे' म्हणतो. ही मेढ म्हणजे खांबच होय. लग्नाच्या मांडवाची पहिली मेढ वाजतगाजत पुरली जाते, खळ्यावर मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात तीही मेढच. मध्यप्रांतातील मालगुजारी गावांत 'वाजिब-उल-अर्ज' नावाचा कागद असे. रयतेने गावच्या जंगलातून घराला, नांगराला, सरपणाला लाकूड कसे न्यावे याचा रिवाज त्यात नोंदलेला असे. या हक्कालाच निस्तार म्हणत. मालगुजारी १९५१ साली संपली, गावची जंगले सरकारजमा झाली, आणि निस्ताराचे रूप पालटले. पिढ्यान्पिढ्या ज्याने शेजारच्या रानातून मेढ आणली, त्याला आता मेढीसाठी कागद, शिक्का आणि खेपा आल्या. कायदा करणाऱ्यांचा हेतू जंगल राखण्याचाही होता हे आम्ही नाकारीत नाही. परंतु रानातील पहिला हक्क रुळांचा आणि उरलासुरला गोठ्याचा, हा क्रम गावकऱ्याने ठरविलेला नव्हता, एवढे म्हणणे भाग आहे.

आणि येथेच या कहाणीला एक वळण मिळते. रानातून गेलेले लाकूड पंधरा वर्षांनी गावात परत येऊ लागले. निकामी ठरलेले स्लीपर रेल्वे लिलावात काढी. लाकडाचे ठेकेदार ढिगाने घेत आणि मग ते बैलगाडीतून, पुढे ट्रॅक्टरमधून, एकेक दोनदोन करून शेतकऱ्याच्या दारी येत. रेल्वेच्या दृष्टीने जे भंगार, ते शेतकऱ्याच्या दृष्टीने घट्ट, वाळलेले, आता कधीही न वाकणारे लाकूड. कारण स्लीपर बाद होतो तो बहुधा सगळा कुजून नव्हे. रूळ बसतो तेवढी जागा दबते, खिळ्यांची भोके सैल होतात, टोके तडकतात. मधला चार फूट लाकूडगाभा जसाच्या तसा असतो.

आमच्या त्या गँगमन मित्राने आम्हांला हे लाकूड वाचायला शिकविले. वाचकांनाही ते सांगण्यासारखे आहे. रूळ सरळ उभा नसतो, तो आतल्या बाजूस किंचित कललेला असतो, विसास एक या प्रमाणात. म्हणून स्लीपरवर रूळ बसायची जागा वाकसाने तितकीच उतरती तासत. जुन्या खांबावर अशा दोन तासलेल्या बैठका दिसल्या की त्यांच्यातील अंतर मोजावे. ते जवळपास पावणेसहा फूट भरले तर लाकूड मोठ्या लाईनचे. पावणेतीन फूट भरले तर बालाघाटच्या किंवा नागभीडच्या छोट्या गाडीचे. साडेतीन फूट भरले तर मीटरगेजचे समजावे. तो पहिला मार्ग १८८८ सालीच मोडल्यामुळे असा खांब आमच्या पाहण्यात आलेला नाही, कोणा वाचकाला आढळल्यास त्याने अवश्य कळवावे. खांबाच्या टोकाशी इंग्रजी एस अक्षरासारखी लोखंडी पट्टी ठोकलेली दिसली तर ती लाकूड तडकू नये म्हणून रेल्वेनेच घातलेली असते. ती काढू नये.

लांबीचीही गंमत अशीच. मोठ्या लाईनचा स्लीपर नऊ फूट लांब, दहा इंच रुंद आणि पाच इंच जाड. छोट्या लाईनचा पाच फूट लांब, सात इंच रुंद आणि साडेचार इंच जाड. नऊ फुटी लाकूड अडीच फूट जमिनीत गाडले तरी वर साडेसहा फूट उरते. म्हणजे त्याचा फाटकाचा खांब होतो, पडवीचा टेकू होतो, वेलीचा मांडव होतो. पाच फुटी लाकूड दीड फूट गाडले की वर साडेतीन फूटच राहते. ते कुंपणाला, जनावराच्या खुंट्याला, खळ्यातील मेढीला उपयोगी. मोठ्या लाईनजवळच्या गावांत उंच फाटके आणि छोट्या लाईनजवळच्या गावांत बुटकी कुंपणे असा भेद आम्हांला वाटेत दिसला. हा नियम म्हणून आम्ही सांगत नाही. पण एकदा नजरेत भरला की तो सुटत नाही.

लोकांनी या लाकडाचे काय काय केले ते पाहिले म्हणजे त्यांच्या कल्पकतेचे कौतुक वाटते. गोठ्यात चार आखूड खांब रोवून वर दोन स्लीपर आडवे टाकले की गव्हाण तयार. जनावराने कितीही धडका दिल्या तरी ती हलत नाही. खिळ्यांच्या भोकांतून दोर ओवला की दावे बांधायला वेगळी कडी नको. विहिरीच्या तोंडावर आडवा स्लीपर टाकून त्यावर गडगडी बसविलेली आम्ही तीन ठिकाणी पाहिली. एका ठिकाणी दोराने लाकडावर बोटभर खोल घळ पाडली होती, आणि घरची सून म्हणाली की ती या घरी आली तेव्हाही ती घळ होतीच. बांधीत पाणी सोडणाऱ्या पाटावर दोन स्लीपर शेजारी शेजारी टाकले की बैलगाडी जाईल इतका साकव होतो. धानाचे पुंजणे रचताना तळाशी स्लीपर अंथरतात, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि खालून वारा खेळतो. घराच्या उतारावर पायऱ्या करायच्या तर आडवा स्लीपर, मागे मुरूम, पुन्हा स्लीपर. शेळ्यांचा माचा, कणगीचा ओटा, कोंबड्यांचे उंच खुराडे, भाजीच्या वाफ्याची कड, परसातील न्हाणीचा उंबरठा... यादी लांबेल. एका कुटुंबाने अंगणातील मरियामातेच्या ग्रोटोपुढे गुडघे टेकण्यासाठी एक स्लीपर ठेवला आहे, आणि रूळ बसण्याच्या त्या दोन तासलेल्या बैठकांत मेणबत्त्या उभ्या राहतात. हे सुतारकाम रेल्वेने आधीच करून ठेवले होते.

हे शिकवले कोणी, असे विचाराल तर एक गुरू स्वतः रेल्वेच. जुना स्लीपर उभा चिरून कुंपणाचे खांब करणे, फाटकाला लावणे, जेथे रूळ संपतो तेथे गाडी थांबवायला स्लीपर रचून अडसर करणे, आणि पुराने पूल खचला तर स्लीपरची आडवीउभी चौकट रचून त्यावर तात्पुरता रूळ तोलून धरणे, ही सर्व कामे गँगच्या हातची. तेच हात संध्याकाळी आपल्या गोठ्यात राबत.

वसईकडील वाचकांना येथे घंटांची आठवण होईल. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चमधील घंटा देशावर गेल्या. भीमाशंकरी आणि मेणवलीस त्या आजही पाहावयास मिळतात, आणि त्यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. घंटा बोलते, म्हणून तिचा इतिहास राहिला. वसईतील जुनी घरे मोडून इमारती उठल्या तेव्हा त्या घरांचे खांब, तुळया आणि दारे कोठे गेली हे मात्र आज कोणी सांगू शकेल काय? असो.

आता एका गोष्टीविषयी जरा परखडपणे बोलले पाहिजे. साग व साल यांचे लाकूड अपुरे पडू लागल्यावर रेल्वेने चीड, कैल अशी मऊ लाकडे क्रिओसोट पाजून वापरण्यास सुरुवात केली. पंजाबात ढिलवाँ येथे १९२३ साली असा कारखाना निघाला, मागून आसामात व अन्यत्र निघाले. क्रिओसोट म्हणजे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेले काळपट तेल. वाळवी त्याला शिवत नाही, परंतु त्यात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. युरोपात २००३ पासून असे जुने लाकूड घरात, मुलांच्या खेळाच्या जागी, बागेतील बाकड्यांना आणि खाद्यपदार्थांजवळ वापरण्यास मनाई आहे. आपल्याकडे याविषयी फारसे कोणी बोलत नाही. म्हणून ओळख सांगतो. लाकूड काळसर तेलकट असेल, ऐन मे महिन्यात त्यातून चिकट थेंब सुटत असतील आणि डांबराचा उग्र वास येत असेल तर ते गव्हाणीला, वाफ्याला, विहिरीला किंवा बसायला वापरू नये. दूरच्या कुंपणाला चालेल. आणि ते चुलीत तर मुळीच घालू नये. त्याचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो, आणि चुलीपुढे बसलेली आई आणि तिच्या मांडीवरचे मूल तो श्वासाबरोबर घेतात. आम्ही एका घरी असले लाकूड फोडून सरपणाच्या ढिगात रचलेले पाहिले. चांगले पेटते म्हणून ते कौतुकाने ठेवले होते. आम्ही सांगितल्यावर घरधनीण क्षणभर गप्प झाली आणि म्हणाली, "दोन पावसाळे हेच जाळले."

चर्चच्या आवारातील बाकड्याविषयी आम्हांला अर्थातच काळजी वाटली. एप्रिलच्या अखेरीस भर दुपारी जाऊन आम्ही ते निरखले, हुंगलेही. तेल नाही, वास नाही. एका कडेला सुताराकडून थोडेसे तासून घेतले तर आत तांबूस-तपकिरी, घट्ट, तिरप्या धाटणीचे लाकूड निघाले. तो सालच आहे, असा निर्वाळा त्या सुताराने दिला, आणि त्याच्या वाकसाची धार एवढ्यात बोथट झाल्याची तक्रारही केली. मुलांची बोटे सुखरूप आहेत.

साल असो की साग, हे लाकूड पुन्हा वापरणाऱ्याने काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक मोठा स्लीपर सुमारे पंचाहत्तर ते ऐंशी किलो भरतो. एकट्याने उचलू नये. आत तुटलेला खिळा राहिला तर करवतीचे पाते मोडते, म्हणून आरागिरणीवाले ते घेण्यास नाखूश असतात. आधी भोके तपासून, गिरमिटाने मोकळी करून मगच नेलेले बरे. खांब नेहमी कुजतो तो जमिनीच्या पातळीवर, जेथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात. आमच्याकडे वर्षाला सुमारे तेराशे मिलीमीटर पाऊस पडतो, तेव्हा खड्ड्याच्या तळाशी दगडगोटे घालावेत, भोवती मुरूम ठोकावा आणि खांबाचा माथा उतरता कापावा. खिळ्यांची भोके पावसाच्या तोंडाकडे येऊ देऊ नयेत. त्यांत पाणी साचते आणि आतून कीड लागते.

हा पुरवठा आता आटला आहे. मुख्य मार्गांवर १९७० नंतर हळूहळू काँक्रीटचे स्लीपर आले. काँक्रीटचा बाद स्लीपर घरी आणून त्याचे काही करू म्हटले तर पाठ मोडते. दक्षिणेकडील छोटी गाडी नव्वदच्या दशकात रुंद झाली, बालाघाटची या शतकाच्या पहिल्या दशकात, आणि पुढे नैनपूर-जबलपूर भागातील छोटी गाडी २०१५ साली थांबली. त्या गाड्यांची इंजिने आणि डबे नागपूरच्या मोतीबाग येथील संग्रहालयात २००२ पासून पाहता येतात. रुळाखालचे लाकूड मात्र संग्रहालयात सर्वत्र गेले नाही, ते घरोघर गेले. आणि आता घरोघर सिमेंटचे खांब, लोखंडी फाटके येत आहेत. जुना गोठा पाडला की स्लीपर रस्त्याच्या कडेला येऊन पडतो, आणि पहिला येणारा माणूस कुऱ्हाड घेऊनच येतो. ज्या झाडाचे ते लाकूड, ते झाड तोडले तेव्हाच शंभर-सव्वाशे वर्षांचे असले तर नवल नाही. एवढ्या गोलाईचे साल आज लाकूडबाजारात पाहू म्हटले तरी दिसत नाही.

गेल्या वर्षी आमगावकडे एका कुटुंबाने जुना गोठा पाडला. सात खांब निघाले. बैठकांमधील अंतर आम्ही फुटपट्टीने मोजले: पाच मोठ्या लाईनचे, दोन छोट्या. सातांपैकी सहा खांबांचा जमिनीखालचा भाग हातात चुरा होत होता, सातवा कोरडा ठणठणीत होता, कारण तो वळचणीच्या आत होता. घरच्या थोरल्या मुलाचा विचार सगळे विकून टाकण्याचा होता. आजोबांनी आरा मागविला, सहाही खांबांची कुजलेली दोन-अडीच फूट टोके कापून टाकली, आणि उरलेल्या लाकडातून परसात मांडव उभा केला. आखूड झाल्यामुळे तो जरा बुटका झाला आहे, आजोबांना वाकून जावे लागते. यंदा त्यावर दोडक्याचा वेल चढला आहे.